उस्मानाबाद गर्भाशयमुख कर्करोग तपासणी चाचणी

उस्मानाबाद गर्भाशयमुख कर्करोग तपासणी चाचणी हा महाराष्ट्रातील तत्कालीन उस्मानाबाद (आताच्या धाराशिव) जिल्ह्यात १९९९ मध्ये सुरू झालेला एक मोठा वैद्यकीय अभ्यास आहे. फ्रान्समधील ल्यों येथील आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था, मुंबईचे टाटा मेमोरियल सेंटर आणि बार्शी येथील नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालय या तीन संस्थांनी तो संयुक्तपणे केला. गर्भाशयाच्या मुखाचा कर्करोग वेळीच ओळखण्यासाठी उपलब्ध असलेल्या तीन तपासण्यांपैकी कोणत्या तपासणीने ग्रामीण स्त्रियांचे मृत्यू खरोखर कमी होतात, हे ठरवणे हा त्याचा उद्देश होता. १,३१,७४६ स्त्रियांचा समावेश असलेल्या या अभ्यासाचे निष्कर्ष एप्रिल २००९ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. कर्करोगावर काम करणाऱ्या निरनिराळ्या देशांतील तज्ज्ञांमध्ये ज्ञानाची देवाणघेवाण कशी होते, आणि त्या देवाणघेवाणीत कोणते प्रश्न अनुत्तरित राहतात, या दोन्ही गोष्टी समजून घेण्यासाठी हे उदाहरण महत्त्वाचे मानले जाते.

रोग आणि त्याची तपासणी

गर्भाशयाचा खालचा, योनिमार्गात उघडणारा अरुंद भाग म्हणजे गर्भाशयमुख. या भागाच्या कर्करोगाला ग्रामीण बोलीत ‘पिशवीच्या तोंडाचा कॅन्सर’ म्हणतात. ह्यूमन पॅपिलोमा व्हायरस, संक्षेपाने एचपीव्ही, या विषाणूंच्या काही जातींचा दीर्घकाळ टिकून राहणारा संसर्ग हे त्याचे मूळ कारण आहे. जर्मन शास्त्रज्ञ हाराल्ड त्सुर हाउझेन यांच्या प्रयोगशाळेने १९८३ आणि १९८४ मध्ये या विषाणूचे १६ व १८ क्रमांकाचे प्रकार वेगळे केले. या कार्याबद्दल त्यांना २००८ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

हा संसर्ग बहुतेक स्त्रियांमध्ये आपोआप नाहीसा होतो. काही थोड्या स्त्रियांमध्ये तो टिकतो, पेशींत हळूहळू बदल घडतात आणि त्या बदलांचे कर्करोगात रूपांतर होण्यास सर्वसाधारणपणे दहा वर्षांहून अधिक काळ लागतो. या दीर्घ मध्यंतरात बदललेल्या पेशी सापडल्या, तर त्या गोठवून किंवा विद्युत तारेने कापून काढता येतात आणि कर्करोग होतच नाही. म्हणूनच लक्षणे नसलेल्या निरोगी स्त्रियांची तपासणी करण्याला येथे इतके महत्त्व आहे. अंगावरून पांढरे किंवा लाल जाणे, पाळी थांबल्यावर पुन्हा रक्तस्राव होणे ही लक्षणे दिसू लागतात तेव्हा रोग पुष्कळदा पुढे गेलेला असतो. त्यातही अशी दुखणी अंगावर काढण्याची आणि घरातही न बोलण्याची रीत असल्याने आणखी काळ निघून जातो.

युरोप-अमेरिकेत विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या रोगाचे प्रमाण खाली आले, ते मुख्यतः पॅप चाचणीमुळे. या चाचणीत गर्भाशयमुखावरील पेशी हलकेच खरवडून काचपट्टीवर पसरतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. चाचणी साधी वाटते. परंतु तिच्यासाठी प्रशिक्षित पेशीतज्ज्ञ, चांगली प्रयोगशाळा, ठराविक वर्षांनी पुन्हापुन्हा होणारी तपासणी आणि अहवाल स्त्रीपर्यंत परत पोहोचवणारी व्यवस्था लागते. यांपैकी एकही दुवा निखळला तर काचपट्टी निरुपयोगी ठरते. विकसनशील देशांत हे सर्व दुवे एकत्र सापडणे कठीण होते.

बार्शीची पार्श्वभूमी

इतका मोठा अभ्यास मुंबई-पुण्याऐवजी बार्शीच्या आधाराने का झाला, याचे उत्तर आधीच्या बारा वर्षांत आहे. बार्शी हे सोलापूर जिल्ह्यातील तालुक्याचे गाव मराठवाड्याच्या सीमेवर असून उस्मानाबाद जिल्ह्यातील भूम आणि परांडा हे तालुके त्याला लागून आहेत. १९८७ मध्ये बार्शी, भूम आणि परांडा या तीन तालुक्यांतील ३४६ गावांसाठी येथे कर्करोग नोंदणी सुरू झाली. लोकसंख्येवर आधारित अशी ही भारतातील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी होय. मुंबईत अशी नोंदणी १९६३ पासून होत होती. पण शहरात रुग्णालयांच्या दप्तरावरून जे काम भागते, ते खेड्यात भागत नाही. खेड्यातील पुष्कळ रुग्ण कोणत्याच रुग्णालयाच्या दप्तरात नसतात.

यावर बार्शीच्या नोंदणीने वेगळा मार्ग काढला. तिचे कार्यकर्ते गावोगाव फिरत, लोकांशी बोलत, कर्करोगाची लक्षणे समजावून सांगत आणि संशयित रुग्णांना तपासणीसाठी रुग्णालयात आणत. म्हणजे मोजणी आणि लोकशिक्षण ही दोन्ही कामे एकाच फेरीत होत. डॉ. कस्तुरी जयंत, डॉ. बी. एम. नेने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका निबंधात या जागृतीचा परिणाम दाखवला : गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे रुग्ण पूर्वीपेक्षा लवकरच्या टप्प्यात रुग्णालयात येऊ लागले होते. कोणत्या गावात कोणाला कर्करोग झाला आणि त्याचे पुढे काय झाले, याची खात्रीलायक नोंद ठेवणारी यंत्रणा असल्याशिवाय तपासणीने मृत्यू कमी होतात की नाही हे सिद्धच करता येत नाही. बार्शीपाशी ही यंत्रणा होती. ल्योंच्या संस्थेला हवी होती ती हीच गोष्ट, आणि ती कोणत्याही निधीने एका वर्षात उभी करता आली नसती.

सहकार्याची रचना

ल्यों येथील संस्था जागतिक आरोग्य संघटनेची कर्करोग संशोधन शाखा असून तिची स्थापना १९६५ मध्ये झाली. (भारत तिचा सदस्य झाला तो बराच नंतर, २००६ मध्ये.) तिच्या तपासणी विभागाचे प्रमुख डॉ. रेंगस्वामी शंकरनारायणन हे मूळचे भारतीय आणि पूर्वी तिरुवनंतपुरमच्या प्रादेशिक कर्करोग केंद्रातील डॉक्टर होते. टाटा मेमोरियल सेंटरच्या बाजूने डॉ. सुरेंद्र शास्त्री यांचा सहभाग होता. बार्शीच्या रुग्णालयाने गावांशी असलेला संबंध, नोंदणी आणि उपचार ही बाजू सांभाळली. निधी बिल व मेलिंडा गेट्स प्रतिष्ठानाकडून, ‘गर्भाशयमुख कर्करोग प्रतिबंध आघाडी’ या पाच आंतरराष्ट्रीय संस्थांच्या गटामार्फत आला.

जिल्ह्यातील ४९७ गावांचे ५२ समूह करण्यात आले. चिठ्ठ्या टाकाव्यात तशा यादृच्छिक पद्धतीने हे समूह चार गटांत विभागले गेले. एकेकट्या स्त्रीऐवजी गावांचा समूह निवडण्याचे कारण व्यावहारिक होते. एकाच गल्लीतील दोन शेजारणींना वेगवेगळी तपासणी देणे गावात समजावून सांगता आले नसते. ३० ते ५९ वयाच्या स्त्रियांची विभागणी अशी झाली : एचपीव्ही तपासणीच्या गटात ३४,१२६, पॅप चाचणीच्या गटात ३२,०५८, दृश्य तपासणीच्या गटात ३४,०७४ आणि चौथ्या, नियंत्रण गटात ३१,४८८. नियंत्रण गटातील स्त्रियांना अभ्यासातर्फे तपासणी दिली गेली नाही. त्यांना आरोग्यशिक्षण आणि नेहमीच्या आरोग्यसेवा उपलब्ध होत्या.

दृश्य तपासणीत गर्भाशयमुखावर सौम्य ॲसिटिक आम्ल, म्हणजे सिरक्यासारखा द्रव लावतात आणि सुमारे मिनिटभर थांबून चांगल्या उजेडात नुसत्या डोळ्यांनी पाहतात. बिघडलेल्या पेशींचा भाग पांढुरका दिसतो. निकाल तेथल्या तेथे मिळतो व खर्च अत्यल्प येतो. एचपीव्ही तपासणीत ब्रशने घेतलेल्या नमुन्यात विषाणूचा डीएनए आहे का हे प्रयोगशाळेत पाहिले जाते. त्या वेळी वापरलेल्या ‘हायब्रिड कॅप्चर’ पद्धतीत १३ घातक प्रकारांपैकी कोणताही असल्यास नमुना प्रकाश देतो आणि यंत्र तो मोजते. निर्णय पाहणाऱ्याच्या नजरेवर अवलंबून राहत नाही, हा या पद्धतीचा मोठा गुण. खर्चिक यंत्र आणि निकालासाठी थांबावे लागणे हे तिचे दोष.

तपासणीत दोष आढळलेल्या स्त्रियांची गर्भाशयमुख मोठे करून दाखवणाऱ्या कोल्पोस्कोप या उपकरणाने पाहणी होई, गरजेप्रमाणे तुकडा तपासला जाई आणि कर्करोगपूर्व बदलांवर उपचार केले जात.

गावातील काम

तपासणीसाठी बोलावलेल्या स्त्रियांपैकी सुमारे ७९ टक्के स्त्रिया प्रत्यक्ष आल्या. ज्या जिल्ह्यात या तपासणीचे नावही बहुतेकींनी ऐकले नव्हते, तेथे हे प्रमाण उल्लेखनीय आहे. आलेल्या आणि न आलेल्या स्त्रियांची तुलनाही संशोधकांनी केली. तरुण आणि अधिक शिकलेल्या स्त्रिया तपासणीला जास्त प्रमाणात आल्या होत्या. वयाने मोठ्या आणि निरक्षर स्त्रिया मागे राहिल्या, आणि वयाबरोबर या रोगाचा धोका वाढतो हे लक्षात घेता ही बाब दुर्लक्षिण्यासारखी नाही.

पहिल्या फेरीचे आकडे २००५ मध्ये प्रसिद्ध झाले. दृश्य तपासणीत सुमारे १४ टक्के, एचपीव्ही तपासणीत सुमारे १० टक्के आणि पॅप चाचणीत सुमारे ७ टक्के स्त्रियांमध्ये दोष असल्याचे दिसले. उपचाराची गरज असलेले गंभीर बदल मात्र तिन्ही गटांत एक टक्का किंवा त्याहून कमी होते. अर्थात दोष दाखवलेल्या बहुसंख्य स्त्रियांना प्रत्यक्षात गंभीर काही नव्हते. या टप्प्यावर तिन्ही तपासण्या जवळपास सारख्याच उपयुक्त वाटत होत्या, आणि अभ्यास येथेच थांबला असता तर सर्वांत स्वस्त म्हणून दृश्य तपासणीची शिफारस करून विषय संपला असता.

निष्कर्ष

आठ वर्षांच्या पाठपुराव्यानंतर चित्र बदलले. एचपीव्ही गटात गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे १२७ रुग्ण आढळले, नियंत्रण गटात ११८. एकूण रुग्णसंख्येत फारसा फरक नाही असे पाहून वाचक गोंधळण्याचा संभव आहे. तपासणीमुळे दडलेले रोगही उघडकीस येतात, त्यामुळे आरंभी रुग्णांची संख्या कमी होत नाही. पाहायचे असते ते रोग कोणत्या टप्प्यात सापडला हे. एचपीव्ही गटातील १२७ पैकी ३९ रुग्णांचा रोग दुसऱ्या किंवा त्यापुढच्या टप्प्यात होता. नियंत्रण गटात ११८ पैकी ८२ रुग्णांचा. या कर्करोगाने झालेले मृत्यू एचपीव्ही गटात ३४ आणि नियंत्रण गटात ६४ होते. आयुष्यात एकदाच केलेल्या तपासणीने मृत्यूचा धोका जवळजवळ निम्मा झाला होता.

पॅप चाचणी आणि दृश्य तपासणीच्या गटांत मात्र पुढे गेलेला रोग किंवा मृत्यू यांत संख्याशास्त्रीयदृष्ट्या ठोस म्हणता येईल अशी घट दिसली नाही. आणखी एक निष्कर्ष व्यवहारात फार उपयोगी ठरला. तपासणीत ‘दोष नाही’ असे सांगितलेल्या स्त्रियांना पुढे कर्करोग होण्याचे प्रमाण पॅप व दृश्य तपासणीच्या गटांत एचपीव्ही गटापेक्षा चौपटीहून अधिक होते. म्हणजे एचपीव्ही तपासणीत दोष नसलेली स्त्री अनेक वर्षे निश्चिंत राहू शकते. ज्या प्रदेशात एकेका स्त्रीला पुन्हापुन्हा तपासणीला आणणे शक्य नसते, तेथे हा गुण निर्णायक आहे.

त्याच अंकातील संपादकीय लेखाच्या शीर्षकात ‘भारताकडून जगाकडे’ अशा अर्थाचे शब्द होते. वैद्यकातील नवे ज्ञान श्रीमंत देशांत जन्मते आणि गरीब देशांनी ते झेपेल तसे उचलायचे असते, असा सर्वसाधारण समज होता. येथे बालाघाटच्या पायथ्याकडील खेड्यांतून मिळालेले उत्तर युरोप-अमेरिकेतील तपासणी धोरणांच्या चर्चेत आधार म्हणून वापरले जाऊ लागले.

दृश्य तपासणीबाबत मात्र एका अभ्यासावरून निकाल देणे घाईचे ठरेल. तामिळनाडूतील दिंडिगुल जिल्ह्यात याच ल्योंच्या संस्थेच्या सहकार्याने झालेल्या आणि २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत एका फेरीच्या दृश्य तपासणीने मृत्यू ३५ टक्क्यांनी घटले. मुंबईच्या झोपडपट्ट्यांत टाटा मेमोरियल सेंटरने प्रशिक्षित आरोग्यसेविकांकरवी दर दोन वर्षांनी, अशा चार फेऱ्या केल्या. तेथे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले. डोळ्यांनी करायची तपासणी करणाऱ्याच्या प्रशिक्षणावर आणि सरावावर किती अवलंबून असते, याचा हा पुरावाच होय.

ज्ञानाचा प्रवास

अशा सहकार्याची चर्चा बहुधा निबंध आणि आकडे यांपाशी थांबते. प्रत्यक्षात हातातले कौशल्य एका व्यक्तीकडून दुसरीकडे जाणे हा त्याचा अधिक कष्टाचा भाग आहे. उस्मानाबादचे काम चालू असताना, १९९९ ते २००३ या काळात, ल्योंच्या संस्थेने भारताखेरीज बुर्किना फासो, काँगो, गिनी, माली आणि नायजर या आफ्रिकी देशांतही दृश्य तपासणीचे अभ्यास केले. त्या सर्वांत मिळून ५६,९३९ स्त्रियांचा समावेश होता. पांढरा डाग नेमका किती पांढरा आणि त्याची कड कशी असली म्हणजे तो संशयास्पद मानायचा, हे शब्दांत सांगणे अवघड असते. यासाठी संस्थेने २००३ मध्ये दृश्य तपासणी आणि कोल्पोस्कोपी या विषयांवर छायाचित्रांसह दोन प्रशिक्षण-पुस्तिका काढल्या. तज्ज्ञ नसलेल्या डॉक्टरांना आणि परिचारिकांना समोर ठेवून त्या लिहिल्या आहेत, आणि पुढे अनेक देशांतील प्रशिक्षणवर्गांत त्या वापरल्या गेल्या.

याच संबंधांतून पुढचा एक अभ्यास उभा राहिला. एचपीव्ही लशीच्या तीनऐवजी दोन मात्रा पुरतात का हे पाहण्यासाठी २००९ मध्ये भारतात नऊ ठिकाणी १० ते १८ वयाच्या अविवाहित मुलींचा अभ्यास सुरू झाला. त्यांत बार्शी आणि पुणे यांचा समावेश होता. २०,००० मुलींना लस देण्याचे ठरले होते. त्याच सुमारास आंध्र प्रदेशातील खम्मम आणि गुजरातमधील वडोदरा जिल्ह्यांत दुसऱ्या एका संस्थेच्या लसीकरण प्रकल्पात सहभागी झालेल्या काही मुलींच्या मृत्यूंवरून मोठा वाद झाला. ते मृत्यू लशीमुळे झाल्याचे चौकशीत आढळले नाही, परंतु पालकांची संमती घेण्याच्या पद्धतीत गंभीर उणिवा आढळल्या. परिणामी एप्रिल २०१० मध्ये सरकारने देशातील अशा सर्व अभ्यासांतील लसीकरण थांबवले. बार्शी-पुण्याच्या अभ्यासाचा त्या प्रकल्पाशी संबंध नव्हता, तरी तोही थांबला. तोपर्यंत १७,७२९ मुलींना लस मिळाली होती आणि त्यांतील ४,९५० मुलींची पहिली मात्रा तेवढी झाली होती.

अभ्यास मोडला असे समजून तो बंद करता आला असता. संशोधकांनी त्याऐवजी सर्व मुलींचा पाठपुरावा चालू ठेवला. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार १६ व १८ प्रकारांच्या टिकून राहणाऱ्या संसर्गापासून एका मात्रेने मिळणारे संरक्षण ९५.४ टक्के, दोन मात्रांनी ९३.१ टक्के आणि तीन मात्रांनी ९३.३ टक्के होते. तिन्हींत म्हणण्यासारखा भेद नव्हता. आफ्रिकेतील व इतरत्रच्या अभ्यासांबरोबर हा पुरावा विचारात घेऊन जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये एका मात्रेचे वेळापत्रकही पर्याय म्हणून मान्य केले. योजनेप्रमाणे काहीच न घडल्यामुळे हाती आलेले हे उत्तर आहे.

नैतिक आक्षेप

उस्मानाबाद चाचणीवरील सर्वांत गंभीर टीका तिच्या नियंत्रण गटाविषयी आहे. या रोगावर परिणामकारक तपासणी अस्तित्वात आहे हे १९९९ मध्ये ठाऊक असताना हजारो स्त्रियांना तपासणीविना ठेवून त्यांच्यातील मृत्यू मोजणे योग्य होते का, असा प्रश्न अमेरिकी रोगनिदानतज्ज्ञ डॉ. एरिक सुबा यांनी उपस्थित केला. २०१४ मध्ये ‘इंडियन जर्नल ऑफ मेडिकल एथिक्स’मध्ये त्यांनी यावर सविस्तर लिहिले. उस्मानाबाद, मुंबई आणि दिंडिगुल या तीन चाचण्यांच्या नियंत्रण गटांत मिळून १,३८,६२४ स्त्रिया होत्या आणि त्यांच्यात या कर्करोगाने किमान २५४ मृत्यू झाले, याकडे त्यांनी लक्ष वेधले.

संशोधकांचे म्हणणे असे की त्या काळी भारतात कोणतीही संघटित तपासणी नव्हती. नियंत्रण गटातील स्त्रियांना इतरत्र मिळत होते त्याहून कमी काही दिले गेले नाही, आणि भारतीय ग्रामीण परिस्थितीत कोणती तपासणी उपयोगी पडते याचा पुरावा नसल्यामुळेच सरकारे निर्णय घेत नव्हती. टीकाकारांचे उत्तर असे की ज्या देशांतून निधी आणि मार्गदर्शन येते, त्या देशांत असा नियंत्रण गट कोणी मान्य केला नसता. मग गरीब देशातील ‘नेहमीची सेवा’ हा मापदंड कसा चालेल? दोन्ही बाजूंचे युक्तिवाद आजही वैद्यकीय नीतिशास्त्राच्या अभ्यासक्रमांत चर्चिले जातात. नियंत्रण गटातील ६४ मृत्यू हा निष्कर्षांच्या तक्त्यातील एक आकडा आहे आणि तितकाच तो ६४ घरांचा प्रश्न आहे. चाचणीचे मूल्यमापन करताना दोन्ही अर्थ नजरेसमोर ठेवावे लागतात.

परिणाम आणि सद्यःस्थिती

जागतिक आरोग्य संघटनेने नोव्हेंबर २०२० मध्ये हा कर्करोग सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न म्हणून संपवण्याचे धोरण जाहीर केले. १५ वर्षे वयापर्यंत ९० टक्के मुलींना लस, ३५ व्या आणि पुन्हा ४५ व्या वर्षाच्या आत ७० टक्के स्त्रियांची उच्च दर्जाची तपासणी आणि रोग आढळलेल्या ९० टक्के स्त्रियांवर उपचार अशी २०३० पर्यंतची उद्दिष्टे त्यात आहेत. संघटनेच्या २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांनी एचपीव्ही डीएनए तपासणीला पहिली पसंती दिली.

भारत सरकारने २०१६ मध्ये ३० ते ६५ वयाच्या स्त्रियांसाठी दर पाच वर्षांनी दृश्य तपासणी करण्याचा आराखडा आखला. एचपीव्ही तपासणीचा खर्च हे तिची निवड न होण्याचे एक कारण मानले जाते. तथापि २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात ३० ते ४९ वयोगटातील केवळ १.९ टक्के स्त्रियांनी या कर्करोगाची तपासणी कधीतरी झाल्याचे सांगितले. दोन दशकांपूर्वी उस्मानाबादच्या खेड्यांत बोलावलेल्या स्त्रियांपैकी ७९ टक्के आल्या होत्या, हे लक्षात घेतले तर ‘बायका तपासणीला येत नाहीत’ हे स्पष्टीकरण पुरेसे ठरत नाही.

लशीच्या बाबतीत पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने तयार केलेल्या ‘सर्व्हाव्हॅक’ या चार प्रकारांपासून संरक्षण देणाऱ्या लशीला जुलै २०२२ मध्ये भारतात परवानगी मिळाली.